सोडतस काय?

रविवारी दुपारी जेवणं झाल्यावर धाकटी माझा मोबाईल घेऊन लोळत फोटो बघत होती. शिरोड्याचे फोटो आले तशी उठून बसली. त्यातला एक फोटो कट्ट्यावर सगळ्यांना दाखवून झालाय. डोक्याला बॅटरी बांधलेला मी, हातात पावणेदोन किलोचा शिंगाळा मासा, आणि तोंडावर सोसायटीची निवडणूक जिंकल्यासारखं हसू. तिनं दोन बोटांनी फोटो मोठा केला, सरकवत सरकवत माझ्या पायाजवळच्या वाळूवर आणला आणि विचारलं, "पप्पा, हे मण्यांसारखं काय सांडलंय ओ?" मी तोंडासमोरचा पेपर तसाच धरून म्हणालो, "शिंपले असतील." ती "बरं" म्हणाली आणि पुढच्या फोटोकडे गेली.

ते शिंपले नव्हते.

नऊ वर्षांच्या पोरीशी एवढ्याशा गोष्टीवरून खोटं बोलायची गरज नव्हती. खरं सांगितलं असतं तर उलट तिला गंमतच वाटली असती. पण खरं सांगायला लागलं की एका जागी थांबता येत नाही, पुढचंही सांगावं लागतं, आणि ते पुढचं मी अजून ताईलासुद्धा सांगितलेलं नाही. दुपारची झोप गेली. पंख्याकडे बघत पडलो आणि ती रात्र पहिल्यापासून आठवत बसलो.

आम्हा बेळगावकरांचं आणि समुद्राचं नातं जरा विचित्रच. सरळ रेषेत मोजलं तर समुद्र नव्वदेक किलोमीटरवर. पण आमच्या गावच्या पाण्याला त्याचा पत्ता नाही. मार्कंडेय घटप्रभेला मिळते, घटप्रभा कृष्णेला, आणि कृष्णा आख्खा मुलूख ओलांडून पार बंगालच्या उपसागरात. कणकुंबीत उगवणारी मलप्रभासुद्धा तिकडचीच वाट धरते. खानापूर तालुक्यातली एक म्हादई तेवढी शहाणी, ती सरळ गोव्यात उतरते, आणि तिच्यावरून किती वर्षं काय चाललंय ते इथं कुणाला सांगायला नको. आमच्या कौलावरून पडलेलं पाणी मात्र समुद्राकडे पाठ करून निघतं. लहानपणी मला वाटायचं की आम्हीही तसेच. आमच्याकडे मासा यायचा तो मेल्यावर, बर्फातून, रात्री घाट चढून. वडील रविवारी सकाळी सायकलवरून कॅम्पातल्या मासळी बाजारात जायचे आणि हँडलला अडकवलेल्या पिशवीतून घरापर्यंत गुलाबी पाणी ठिबकत यायचं. बांगड्याचे डोळे लाल असले की आई काही बोलायची नाही, नुसती मीठ जरा जास्त चोळायची. पावसाळ्यात तर सुकंच. चुलीच्या निखाऱ्यावर खारा बांगडा भाजला की गल्लीच्या तोंडापर्यंत कळायचं, आणि वरच्या अंगाला राहणाऱ्या मास्तरीणबाई खिडकी लावून घ्यायच्या. मासा म्हणजे एक वास, एक चव आणि काढून टाकायचे काटे. तो कुठून आला, आपल्यापर्यंत पोचण्याआधी काय करत होता, असं कधी डोक्यातही आलं नाही.

नाही म्हणायला मार्कंडेयच्या काठाला बांबूची काठी घेऊन आम्ही बसायचो. गांडूळ लावायचं आणि वाट बघायची. एखादी मरळ लागली तर लागली, नाहीतर बोटभर काहीतरी घेऊन घरी जायचं आणि मार खायचा. पण ते मासे कुणी मासे धरायचं नाही. "चिखलातलं आणलंय बघ," असं आई म्हणायची. खरा मासा खाऱ्या पाण्यातला. तो आपल्या हातानं धरायचा, तोही जिवंत, एवढी एक हौस वयाच्या सत्तेचाळीसाव्या वर्षापर्यंत मनात तशीच पडून होती.

ताई शिरोड्याला दिली तेव्हा मला सर्वांत जास्त आनंद झाला तो त्यामुळे, हे आज कबूल करायला हरकत नाही. तिचे सासरे, आबा, माडांच्या बागेचं आणि थोड्या शेतीचं बघतात आणि रात्री गरवायला जातात. गरवायला म्हणजे गळ घेऊन मासे धरायला. तिकडे गळाला गरी म्हणतात. पंचाहत्तरीच्या आसपासचा माणूस, सुपारीच्या झाडासारखा सरळ. त्यांच्या डाव्या तळव्यावर अंगठ्याखाली एक पांढरा, खोल वण आहे. शिंगाळ्याच्या काट्याचा. त्या रात्री घरच्यांनी कढत पाण्यात हात बुडवून धरला म्हणून ठणका उतरला, नाहीतर ओरडून ओरडून गाव जागा केला असता, असं ते स्वतःच हसत सांगतात.

गेल्या मार्गशीर्षात निघालो. कुंद्याचा डबा आणि ऑनलाईन मागवलेला नऊ फुटी रॉड, दोन्ही गाडीत. हिंडलगा मागं पडतं, शिनोळी येते, पाट्यांची अक्षरं बदलतात आणि दर वेळेप्रमाणे छातीत काहीतरी हलतं. त्यावर मी आता लिहिणार नाही, लिहून लिहून ते गुळगुळीत झालंय. हाच जुना वेंगुर्ला रस्ता. इंग्रजांच्या छावणीचा माल बंदरातून याच वाटेनं बेळगावला चढायचा. त्याबरोबर मीठ आणि सुकी मासळीही चढत असणार, म्हणजे आमच्या चुलीवरच्या खाऱ्या बांगड्याची ही वाट. आंबोलीत चहाला थांबलो. तिथं उगवणारी हिरण्यकेशीसुद्धा आमच्याकडेच येते, घटप्रभेत. घाटाच्या पहिल्या वळणावर कान दडपले तेव्हा वाटलं, आता पाण्याची दिशा बदलली.

आबांनी रॉड बघितला. रील दोनदा फिरवली, टोक वाकवून बघितलं आणि म्हणाले, "ह्या काठयेक बघून मासो हसतलो." त्यांच्याकडे काठी नव्हतीच. प्लास्टिकच्या बाटलीला गुंडाळलेला तंगूस (गळाचा नायलॉनचा दोरा), घरी ओतलेलं शिसं, दोन गऱ्या, बस्स. संध्याकाळी पडवीत बसून त्यांनी बोटांवर हिशेब केला. "आज बीज. दोनाची पाऊणपट दीड. दीडाक भरती फुल्ल." मी चमकलो. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते, हे तिकडच्या पोरासोरांना ठाऊक. आमचे वडील प्राथमिक शाळेत मास्तर. त्यांनी आम्हाला पावकी, निमकी, पाऊणकी असे सगळे पाढे छडीनं पाठ करून घेतले होते. एक पाऊण पाऊण, दोन पाऊण दीड. चाळीस वर्षं हा पाढा डोक्यात पडून होता आणि त्याचा उपयोग काय ते विचारायची त्या वेळी टाप नव्हती. उपयोग असा समुद्राच्या काठाला निघाला. वडिलांना तो माहीत होता का, आता कोण सांगणार.

रात्री साडेनऊला वेळागरच्या किनाऱ्यावर पोचलो. आबा, मी, आणि थर्मास सांभाळायला बारावीतला भाचा. बिजेची कोर केव्हाच बुडाली होती. मागं सुरूच्या झाडांचा सूं सूं आवाज, पुढं लाटांचा, आणि पहिली दहा मिनिटं कुठला कुठला ते कळेना. वाळू वरून गार पण आत बोटं खुपसली तर दिवसाची ऊब अजून होती. क्षितिजावर बोटींचे दिवे रांगेनं लागले होते. आबांनी सोललेली कोलंबी गरीत ओवली, शेपटाकडून शिरवून पाठीतून वाकवत आणली आणि दोऱ्यानं दोन वेढे दिले, लाटेनं सुटू नये म्हणून. मग गुडघाभर पाण्यात जाऊन शिसं डोक्याभोवती दोनदा फिरवून सोडून दिलं. तंगूस अंधारात सुळकन निघून गेला. कुठं पडलं ते दिसलं नाही, ऐकूही आलं नाही. माझं शिसं पहिल्याच फेकीला मागच्या ओल्या वाळूत रुतलं. भाच्यानं तोंड फिरवून हसून घेतलं.

"आता वाढ लागली. मासो वाढीवांगडा कडेक येता," एवढं बोलून आबा उकिडवे बसले. तंगूस तर्जनीवरून घेतलेला, डोळे मिटलेले. माझ्या रॉडच्या टोकाला मी घुंगरू बांधलं होतं आणि वाऱ्यानं ते सारखं वाजत होतं. अर्ध्या तासानं त्यांनी न बोलता उठून ते सोडलं आणि माझ्या खिशात घातलं. "बोटान आयक," म्हणाले. बोटानं ऐकायचं म्हणजे काय ते तासाभरानं थोडं समजायला लागलं. लाट ओढते ती लांब आणि आळसट. खेकडा कुरतडतो तो बारीक, चिडखोर. वाळूवरून शिसं घरंगळतं तेव्हा दळणाचं जातं लांब कुठंतरी फिरावं तसं बोटाला लागतं. आणि मुडदुशी येते ती टक्, टक् अशी, दारावर पोरानं एका बोटानं वाजवल्यासारखी. अकरापर्यंत आबांना चार मुडदुश्या मिळाल्या, मला एक. वीतभर, चांदीच्या सळीसारखी. हातात थरथरली तेव्हा मी अक्षरशः "अगं थांब" म्हणालो. एक वागळीही लागली होती, पण तिनं तळाला चिकटून असा काही जोर धरला की तंगूसच तुटला.

साडेअकराच्या सुमाराला पाणी पेटलं. ऐकून होतो, पाहिलं पहिल्यांदा. लाट फुटली की तिच्या ओठाला निळसर उजेड धावत जायचा आणि विझायचा. ओल्या वाळूवर पाय आपटला की टाचेभोवती ठिणग्या. नॉक्टिल्युका नावाचा एकपेशी जीव, पाणी ढवळलं की उजळतो, हे सगळं मला माहीत होतं आणि त्या क्षणी त्याचा काडीचा उपयोग नव्हता. मी आणि भाचा नाचलो, सरळ नाचलो. आबांना मात्र वैताग आला. पाण्यात तंगूस हलला की तोही उजळतो आणि माशाला दिसतो म्हणे. "आता गप चाय पी," म्हणाले. चहा खारट लागला. ओठांवर मीठ बसलं होतं. याच गावात 1930 साली लोकांनी मीठ उचललं आणि लाठ्या खाल्ल्या, मिठागरं इथून हाकेच्या अंतरावर, असं काहीबाही मी भाच्याला सांगायला गेलो. तो म्हणाला, "शाळेत होतं, मामा."

उजेड ओसरला तसा मी पुन्हा गळ टाकला. पाऊण वाजून गेला होता. पाणी खूप वर आलं होतं, आमच्या चपला आम्ही दोनदा मागं नेल्या होत्या. भाचा वाळूत गुडघे पोटाशी घेऊन पेंगत होता. मला आठवतंय, टक् टक् असं काही झालं नाही. बोटाला नुसतं एक जड, आडवं काहीतरी लागलं, कुणीतरी अंधारात खांदा घासून जावा तसं. मी ओढलं. मग मात्र ते निघालं. रील किरकिरली, रॉड वाकला, आणि माझ्या तोंडून आमची अस्सल बेळगावी शिवी निघाली ती सुरूच्या बनापर्यंत गेली असेल. आबा शेजारी येऊन उभे राहिले, पण हात लावला नाही. मासा सरळ येत नव्हता, कुशीवर येत होता. लाट आली की ओढ सैल सोडायची आणि फिरली की धरायची, हे ते एकेका शब्दानं सांगत होते. शेवटच्या लाटेनंच त्याला माझ्या पायाशी आणून टाकलं.

बॅटरीच्या उजेडात पाहिलं. शिंगाळा. चपटं, टणक डोकं, मिशा, करडी पाठ. आणि गळा सुजलेला, गालगुंड झालेल्या पोरासारखा. गरी तोंडात नव्हतीच. कल्ल्यामागच्या पराच्या मुळाशी, अंगात शिरली होती. कोलंबी जशीच्या तशी, दोऱ्याच्या दोन वेढ्यांसकट. हे सगळं मी त्या वेळी पाहिलं, पण समजलं मागाहून. त्या वेळी फक्त एवढंच की हा माझा. मी पावलानं त्याला दाबून धरलं, तो घुर्र असा आवाज करत होता, आणि त्यानं तोंड उघडलं.

त्यातून मणी सांडले.

रानबोराएवढे, पिवळसर, ओले. एक, मग तीन-चार एकदम, मग थांबून पुन्हा दोन. मी एक उचलला. मऊ होता, आणि आत काहीतरी वळलं. उजेडासमोर धरला तर दोन काळे ठिपके माझ्याकडे बघत होते. "पिलां तोंडात घेवन फिरता तो," आबा म्हणाले. अगदी साध्या आवाजात, शेजाऱ्याची माहिती द्यावी तसं. मग लाट आली, फुटली, आणि त्या आवाजात त्यांनी मला आणखी काहीतरी विचारलं.

"सोडतस काय?"

मला ऐकू आलं. लाटेचा आवाज मोठा होता, पण आलं. मी भाच्याला हाक मारली, "अरे ऊठ, फोटो काढ, फोटो!" आबांनी पुन्हा विचारलं नाही. पोझ घेताना मी श्वास ओढून पोट आत घेतलं, हेसुद्धा आठवतं. मी फोटोसाठी उभा होतो तेवढ्या वेळात आबा खाली बसून चाचपडत अंडी ओंजळीत गोळा करत होते. पाण्यात दोन पावलं गेले आणि सोडून आले. "जगतील?" मी विचारलं. ते धोतराला हात पुसत म्हणाले, "माका काय म्हायत. वाळयेत मरण्यापेक्षा थंय मरांदेत." मग पकडीनं शिंगाळ्याचे तिन्ही काटे मोडून त्यांनी तो पिशवीत टाकला. परतताना पिशवी मी धरली होती. मांडीला लागत होती. घर येईपर्यंत अधूनमधून घुर्र आवाज येत होता, मग आला नाही.

सकाळी ताईच्या सासूबाई विळीवर बसल्या. पोट चिरून बोट आत फिरवलं आणि सुनेला म्हणाल्या, "पोटात काय्येक नाय गे हेच्या. उपाशी होतो वाटता." तसा तो डोक्याच्या मानानं अंगानं बारीकच होता. दुपारी तिरफळं आणि सोलं घालून तिकला झाला. खोटं कशाला बोलू, मी तीन वेळा भात घेतला. इतका ताजा मासा मी जन्मात खाल्ला नव्हता. डोकं पाहुण्याला म्हणून माझ्याच ताटात आलं, आणि चोखताना दाताखाली दोन खडे आले. पांढरे, गुळगुळीत, चिंचोक्याहून लहान. शिंगाळ्याच्या डोक्यात असतातच ते. कानातले खडे. त्यांच्यावर झाडाच्या खोडासारखी वर्तुळं असतात आणि ती मोजून माशाचं वय काढतात. मी धुऊन खिशात टाकले. अजून आहेत, टीव्हीखालच्या वाटीत, सुट्या नाण्यांबरोबर.

बेळगावला आल्यावर वाचत बसलो. बरं झालं असतं वाचलं नसतं तर. अंडी तोंडात धरतो तो नर. मादी अंडी घालते आणि मोकळी होते, पुढं महिनाभर किंवा त्याहून जास्त दिवस बाप ती तोंडात बाळगतो, पिल्लं निघून आपली आपण पोहायला लागेपर्यंत. तेवढे दिवस काही खात नाही. म्हणजे तो माझ्या कोलंबीसाठी आला नव्हता. तो नुसता तिथून चालला होता आणि मी ओढलेली गरी त्याच्या अंगात घुसली. 1980 च्या सुमाराला मंगळूर-मलपेच्या बाजूला पर्सीनच्या जाळ्यांत असे तोंडात अंडी धरलेले शिंगाळे ढिगानं आले आणि पुढं त्या किनाऱ्यावर शिंगाळाच विरळ झाला, असं संशोधकांनी नोंदवून ठेवलंय. त्यापुढं माझा एक मासा म्हणजे काय? काहीच नाही. हे मी स्वतःला बऱ्याचदा सांगून बघितलं. कट्ट्यावर कुणी विचारलं, "काय लावला होतास गा गळाला?" तर मी बिनदिक्कत सांगतो, "कोलंबी." एकजण तर म्हणाला, "नशीबवान हाईस. शिंगाळा भुकेला असला की काय पण गिळतोय बघ." मी मान डोलावली.

वडिलांची आठवण इथं काढणं सोपं आहे. मुलांसाठी उपाशी राहिलेला बाप वगैरे. नको. आमचे वडील भरपेट जेवायचे, रविवारी दोन बांगडे त्यांचे ठरलेले असायचे. शिंगाळा शिंगाळा होता. तो आपल्या कामात होता, एवढंच माझ्या मनातून जात नाही. लाल डोळ्यांचे ते सगळे बांगडे, सुकी सुकट, बर्फातले पापलेट, यांतलं कोण कशातून उठून आमच्या ताटात आलं असेल, हा विचार आता मासळी बाजारात शिरलं की येतो. खरेदी थांबलेली नाही. परवाच दीड किलो सुरमई आणली.

त्या दिवशी दुपारी, झोप नाहीच म्हटल्यावर, ताईच्या घरी फोन लावला. पाऊसपाणी, नारळाचा भाव, सगळं झाल्यावर आबांना विचारलं, त्या रात्री शिंगाळा बाहेर आला तेव्हा तुम्ही मला सोडतस काय असं विचारलं होतं ना? पलीकडे बराच वेळ नुसतं खोकणं. मग म्हणाले, "मी? माका काय आठवत नाय बाबा. गरी सोडवतस काय, असा इचारलंय आसतलंय. तुका काट्याचो भय म्हणान." आणि हसले. "मासो कित्याक सोडूक सांगान तुका? एवढ्या लांबसून इलंस."

सोडतस आणि सोडवतस. मधला एक व लाटेनं खाल्ला असेल. फोन ठेवल्यावर हलकं वाटायला हवं होतं. पण आबांनी काय विचारलं ते आबांचं, मला जे ऐकू आलं ते तर मला आलंच होतं, आणि ते ऐकून मी फोटोला उभा राहिलो होतो. हे त्यांना सांगितलं नाही. परत कधी येतस, असं ते विचारत होते. येतो म्हणालो. पौषात, परत बीज गाठून.

संध्याकाळी चहाच्या वेळी धाकटी पुन्हा मोबाईल घेऊन आली. चित्रकलेच्या वहीत काढायला तिला समुद्राचा फोटो हवा होता, आणि तोच फोटो पुन्हा सापडला होता. वाळू पुरती मोठी करून ती एकेक मणी बोटानं मोजत होती. सात, आठ, नऊ. नवव्यावर थांबली. स्क्रीन डोळ्यांजवळ नेली, लांब धरली, पुन्हा जवळ आणली.

"पप्पा," ती म्हणाली, "शिंपल्याला डोळे असतात काय ओ?"